रिकामी बंदूक पुजत नाहीत

बंदुकीच्या दुकानात काउंटरमागे बाई दिसली की नवीन गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरून बाहेरची पाटी पुन्हा वाचतं. पाटी बरोबर असते. मग ते आत येऊन विचारतं, "मालक कुठी गेले?" अकोल्यात एकतीस वर्षं मी हा प्रश्न ऐकला. सुरुवातीला मी "मीच मालक" असं सांगत असे. पुढेपुढे "मालक जेवायला गेलेत, बसा" म्हणायचे आणि माझं काम करत राहायचे. ज्याच्या डोक्यात अर्ध्या तासात प्रकाश पडे त्याच्याशी बोलायचं, ज्याच्या पडत नसे त्याला चहा पाजून वाटेला लावायचं, असा माझा साधा नियम होता.

दुकान वडिलांचं. भावाला त्यात रस नव्हता, त्याने बँकेतली नोकरी धरली. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन घरी बसले होते, कुठे काही होत नव्हतं. एक दिवस वडिलांनी जुनी दुनळी बंदूक माझ्यासमोर सुटी करून ठेवली आणि "जोड" म्हणाले. संध्याकाळपर्यंत ती जोडली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाची एक किल्ली माझ्या हातात दिली. आमच्या घरात एवढ्यावर निर्णय होत असत. नातेवाइकांनी पुष्कळ नाकं मुरडली, मग त्यातलेच दोघे पुतण्याच्या परवान्यासाठी ओळख लावा म्हणून आले.

लोकांना वाटतं बंदूक विकत घ्यायची असते. ती विकत घ्यायची ती सगळ्यात शेवटी. आधी अर्ज, पोलीस चौकशी, बंदूक कशाला हवी याचं पटेल असं कारण, डॉक्टरचा दाखला, आणि शस्त्र सुरक्षित हाताळायला शिकल्याचं प्रमाणपत्र. एवढं सगळं झाल्यावर परवाना मिळाला तर मिळाला. मला ते प्रमाणपत्राचं शिक्षण देण्याची परवानगी होती, त्यामुळे बंदूक हातात येण्याआधी माणूस कसा असतो ते मला बघायला मिळायचं. ते बघून मनुष्यजातीविषयी आदर वाढला असं मात्र म्हणता येणार नाही.

कारणं ऐकावीत. अमरावतीचा एक बिल्डर पिस्तूल हवं म्हणून आला. धोका कोणापासून, असं विचारलं तर म्हणाला, "धोका तं नाई जी, पण आपल्याले थोडी पर्सनॅलिटी पायजे ना." कमरेला लावून शर्ट खोचला तर बाहेरून किती दिसेल, हे त्याने आरशात तीनदा बघितलं. शेवटी मी त्याला मोठ्या बकलचा पट्टा घ्यायला सांगितलं. कोतवाली चौकात चांगले मिळतात, परवानाही लागत नाही.

मोर्शीचे एक संत्रेवाले होते. बागेत रानडुकरं घुसतात म्हणून पीक राखायला बंदूक हवी, हे कारण खरं होतं. पण त्यांना हवं होतं रिव्हॉल्व्हर. "डुकराले ते कुठून लागंल?" मी विचारलं. ते म्हणाले, "बाई, डुकरासाठी घेऊन राह्यलो, पण लग्नातही नेता आलं पायजे." त्यांना वाटत होतं की हे मोठं शहाणपणाचं उत्तर आहे.

घराच्या रक्षणासाठी बंदूक निवडायची तर ती डोळ्यांनी निवडायची नसते, हे मी सांगून सांगून थकले. दस्ता खांद्याला बसतो का, वजन पेलतं का, ती उघडायला आणि रिकामी करायला आपल्याला जमते का, हे आधी बघायचं. रिव्हॉल्व्हर दिसायला लहान म्हणून सोपं वाटतं. घाबरलेल्या माणसाच्या हातात त्याने दहा पावलांवरची म्हैस चुकते. शेतातल्या घराला फार तर साधी बारा बोरची दुनळी. पण त्याच्याही आधी दाराला आतून जाड आडणा, अंगणात दिवा, शेजाऱ्याचा नंबर आणि एक भुंकणारं गावठी कुत्रं. हे ऐकून गिऱ्हाइकाचं तोंड पडायचं. बंदूक विकणारी बाई कुत्रं पाळायला सांगते म्हणजे हिला धंदा कळत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं.

आणि घरी नेल्यावर? मी सगळ्यांना तेच सांगे. बंदूक भरलेलीच आहे असं समजून हाताळायची. नळी माणसाकडे कधीच करायची नाही. चापावर बोट ठेवायचं नाही. हातात आली की आधी उघडून बघायची, दुसऱ्याने बघितली असली तरी. ठेवताना रिकामी, कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात. यात समजायला अवघड काय आहे? पण एकाने ती गव्हाच्या कोठीत पुरून ठेवली आणि दोन वर्षांनी गंजलेली घेऊन भांडायला आला. एकाने काडतुसं साड्यांच्या कपाटात ठेवली, पावसाळ्यात ती फुगली, तर ती नळीत हातोडीने ठोकून बसवावीत का असं त्याने फोनवर विचारलं. मी त्याला फोन न ठेवता हातोडी खाली ठेवायला लावली. निवडणूक लागली की बंदुका जमा कराव्या लागतात, तेव्हा हेच शूर लोक "आता आमचं कसं होईन बापा" म्हणून माझ्या दुकानात सुस्कारे सोडत. वर्षभर ज्याच्या वाट्याला मांजरही गेलं नाही त्याला त्या एका महिन्यात जिवाची भीती वाटायची.

हसते आहे खरी, पण एका प्रमाणपत्रावरची माझी सही आठवली की हसू जातं.

प्रशांतराव बार्शीटाकळीच्या पलीकडचे. गाव सोडून शेतात नवीन घर बांधलेलं, कापूस, सोयाबीन, थोडी हळद. आसपास वस्ती नाही. दोन कोसांवरच्या एका शेतघरात चोर शिरले, म्हाताऱ्या जोडप्याला मारहाण झाली, तेव्हापासून त्यांनी बंदुकीचं मनावर घेतलं. कारण पटण्यासारखं होतं. प्रशिक्षणाला ते आले तेव्हा सोबत बायको वर्षा आणि तीनेक वर्षांची मुलगी स्वरा होती. अकोल्यात लग्नाचा बस्ता बांधायचा होता, त्या वाटेवर हेही उरकून टाकू असा विचार.

मी बोलत होते आणि प्रशांतराव मोबाइल बघत होते. मधूनच "हो जी, हो जी" म्हणत. मी खोटी काडतुसं घालून दुनळी त्यांच्या हातात दिली आणि रिकामी करायला सांगितलं. त्यांनी नळी सरळ माझ्या पोटाकडे केली.

"नळी भिंतीकडे," मी म्हणाले.

"अवो ताई, नकली तं आहेत काडतुसं."

"म्हणूनच मी अजून उभी आहे."

बाकावर बसलेली वर्षा हसली. प्रशांतरावांनी वळून पाहिलं तशी तिने मुलीचा फ्रॉक सारखा केला. मग तिने मला विचारलं, "ताई, हे बरेचदा असतात बाहेरगावी. मंग मले तरी उघडता आली पायजे ना?"

"तुले काय डोमलं समजते त्यातलं," प्रशांतराव म्हणाले. "तू पोट्टी सांभाळ."

कायद्याच्या दृष्टीने त्यांचं चूक नव्हतं. परवाना ज्याचा, बंदूक त्याची, बायकोने हात लावायचा नाही. पण बाईचा प्रश्नही बरोबर होता. मी पुढचं सगळं बाकाकडे तोंड करून शिकवलं. वर्षा मांडीवरच्या मुलीला थोपटत नीट बघत होती. प्रशांतरावांना चौथ्या खेपेला बंदूक रिकामी करता आली. खरं तर त्यांना पुन्हा दोन वेळा यायला सांगायला हवं होतं. "आता एवढ्यासाठी पुन्हा कुठी चक्कर मारता," असं ते म्हणाले, बाहेर आणखी तिघे थांबले होते, आणि मी सही केली. माझ्याकडून इतरांना घडोघडी नियम ऐकावे लागले, पण त्या दिवशी नियम मोडला तो मी. एकतीस वर्षांत माझ्या हातून काय चुकलं असं कोणी विचारलं तर मी याच सहीकडे बोट दाखवीन.

परवाना आला, दुनळी गेली. दोन वर्षं काही कळलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी घरी पुरणाचा घाट घालत होते, तेव्हा फोन वाजला. दुकानाचा नंबर मी घरच्या फोनवर वळवून ठेवत असे. पलीकडून बाईचा दबलेला आवाज आला, "ताई, मी वर्षा बोलून राह्यली. बार्शीटाकळीकडची. बंदूक उघडाची ते बटन कोन्या बाजूले सरकवाचं?"

मी गॅस बंद केला.

इथे मला आमच्या भागातल्या एका खुळाविषयी सांगायला हवं. दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते, त्यात विळा, वखर, ट्रॅक्टर, आणि असली तर बंदूक. हळदीकुंकू, झेंडू, आपट्याची पानं, सगळं ठीक. पण काही घरांत असं मानतात की रिकामं शस्त्र पुजू नये. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, ओटी रिकामी ठेवत नाही, मग बंदूक तरी रिकामी कशी पुजायची? म्हणून ही शहाणी माणसं पूजेपुरती बंदूक भरतात. वर्षभर कुलपात ठेवलेली वस्तू नेमकी ज्या दिवशी घर पाहुण्यांनी आणि पोरासोरांनी भरलेलं असतं त्या दिवशी भरून, उघड्यावर, पाटावर मांडतात आणि वर तिला नमस्कार करतात. दसऱ्याआधी साफसफाईला आलेल्या प्रत्येक बंदुकीबरोबर मी यावर भाषण दिलं आहे. गिऱ्हाइकं मान डोलवत आणि घरी जाऊन वडीलधारे सांगतील तेच करत.

वर्षाच्या घरी हे तिच्या सासऱ्यांनी केलं होतं. प्रशांतरावांनी बंदूक पाटावर काढून ठेवली, काडतुसांच्या कपाटाची किल्ली नेहमीसारखी वडिलांजवळ दिली आणि ते फुलं आणायला बार्शीटाकळीला गेले. त्यानंतर आबाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, दोन काडतुसं काढली आणि दोन्ही नळ्यांत एकेक घातलं. वर्षाने ते स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. ती म्हणाली, "आबाजी, लेकरं आहेत घरात." त्यांनी सांगितलं, "रिकामी बंदूक पुजत नाईत. संध्याकाळी काढू." आणि ते देवळात गेले. नवरा फोन उचलत नव्हता. घरात ती, स्वरा आणि नणंदेची दोन मुलं होती. मुलं पाटाभोवतीच्या रांगोळीत फुलं मांडत होती.

मी आधी मुलांना बाहेर पाठवायला सांगितलं. "कुठे पाठवलंस?" "गोठ्याकडे. वासरू दाखवाले." "आता ती खोली कशी आहे ते सांग. नळी कुठे तोंड करून आहे?" ती म्हणाली, दरवाज्याकडे. अर्थातच. येणाऱ्या पाहुण्यांच्या स्वागताला.

"दरवाज्याच्या समोर कोणी नाही ना? तू मागच्या बाजूने जा. फोन स्पीकरवर टाकून खाली ठेव. दस्ता धर, बोट चापापासून लांब, आणि नळी गोठ्याच्या नाही, मोकळ्या शेताच्या बाजूच्या भिंतीकडे कर. कर. मग मला सांग."

"लय जड लागून राह्यली ताई."

"लागू दे. नळी भिंतीकडे राहिली की पुरे."

नळ्यांच्या मागे, दस्ता सुरू होतो तिथे वर एक पट्टी असते. ती अंगठ्याने उजवीकडे ढकलायची की नळ्या पुढे झुकून बंदूक मोडल्यासारखी उघडते. मी सांगितलं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी दचकले. मग तिचा आवाज आला, "उघडली. लाल लाल दिसून राह्यले दोन." नखाने ओढून काढ म्हटलं. तिने काढली. नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो का विचारलं. "दिसते," ती म्हणाली, आणि मग रडायला लागली.

मी तिला बंदूक मिटवून तशीच पाटावर ठेवायला सांगितली, नळी भिंतीकडे. काडतुसं मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी. आणि नवरा आला की पहिली गोष्ट त्याला सांगायची. कोणाला काय वाटेल ते वाटो. ती "हो" म्हणाली. फोन ठेवल्यावर मी गॅस पुन्हा पेटवला. पुरण त्या दिवशी करपलं, कुणी तक्रार केली नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी प्रशांतराव बंदूक घेऊन दुकानात आले. वर्षा सोबत होती, मुलगी नव्हती. "काही दिवस तुमच्यापाशी राहू द्या," ते म्हणाले. "घरी पाहुणे राह्यतात, जागा नाई." माझ्या दुकानात अशा बंदुका जमा ठेवायची सोय होती. मी म्हटलं, उघडून दाखवा. त्यांनी निमूटपणे नळी भिंतीकडे केली, दुसऱ्या प्रयत्नात ती उघडली. ती दुनळी मी दुकान बंद करेपर्यंत माझ्याच तिजोरीत पडून होती, नंतर त्यांनीच ती रीतसर सरकारजमा केली. इतकं शहाणपण त्यांना का सुचलं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कागदांवर सह्या करत होते तेवढ्यात बाहेर ट्रॅफिकवाल्याने शिट्टी मारली आणि गाडी हलवायला ते पळाले.

"काहून ठेवली, सांगू?" वर्षा म्हणाली.

तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सणाचा दिवस, पाहुणे दारात, आबाजींचा अपमान होईल, पूजा मोडली म्हणतील. संध्याकाळी सांगू असं तिने ठरवलं. मी रागावले नाही. मी त्या सहीच्या दिवशी असाच हिशेब केला होता.

पूजा झाली. आरती झाली. पाहुण्यांनी सोनं वाटलं. मग चुलतभावाने मोबाइल काढला आणि प्रशांतरावांना व्हिडिओची हुक्की आली. फेटा होता, बंदूक होती. एकट्याने उभं राहून मजा येईना म्हणून त्यांनी स्वराला समोर खुर्चीवर उभं केलं. "तू चोर. हात वर कर," ते म्हणाले. पोरीला खेळ आवडला, तिने हात वर केले. वडिलांनी काडतुसं घातली होती हे त्यांना माहीत नव्हतं. आपण सकाळी काढून ठेवली तेव्हा रिकामी होती, म्हणजे रिकामीच आहे, असं ते धरून चालले. उघडून बघितली नाही. आबाजी बाहेर ओसरीवर पाहुण्यांना पान देत होते, आवाज ऐकून दाराशी आले तेव्हा उशीर झाला होता.

वर्षा स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. तिने वळून पाहिलं तेव्हा बंदूक खांद्याला लागलेली होती आणि नवरा सेफ्टीचा खटका पुढे सरकवत होता, कारण नुसतं उभं राहण्यापेक्षा आवाज आलेला व्हिडिओत बरा वाटतो. बंदूक रिकामी आहे हे तिला माहीत होतं, तरी झारा कढईत टाकून ती पुढे आली.

खट्. मग दुसरा चाप. खट्.

पोरगी हसत, गोळी लागल्याचं सोंग करून खुर्चीवरून खाली पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दारातले आबाजी मात्र तिथल्या तिथे खाली बसले.

"मंग मी डाळीच्या डब्ब्यात लपवलेले ते दोन काडतुसं काढले," वर्षा म्हणाली, "आन् आरतीच्या ताटात नेऊन ठेवले. सगळ्यांसमोर. भाऊजीच्या हातातला मोबाइल तसाच चालू. ताई, मले वाटलं हे पोरीले जवळ घेतीन. नाई तं आबाजीले इचारतीन, कोनं भरले म्हनून."

"मग?"

"माह्याकडे पाह्यलं. म्हने, 'कोनं काढले?'"

बाहेर प्रशांतरावांनी हॉर्न वाजवला. वर्षा उठली, पदर सारखा केला.

"म्या म्हन्लं, स्वराच्या मायनं."